शिक्षक का व्हायचे, हे कोणी विचारतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिनाच्या सुमारास आपल्या पत्रसदरात ‘ज्याला दुसरे काही जमले नाही, तो हल्ली शिक्षक व्हायला निघतो’ अशा आशयाचे एका वाचकाचे मत प्रसिद्ध झाले होते. ते वाचून राग आला नाही, कारण बारावी विज्ञान शाखेला बरे गुण असतानाही मी डी.एल.एड.ला, म्हणजे पूर्वी डी.एड. म्हणत त्या प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेला, प्रवेश घेतला, तेव्हापासून हेच मत मी पाहुण्यांच्या तोंडून, शेजाऱ्यांच्या तोंडून आणि एकदा तर माझ्याच शाळेतल्या एका जुन्या गुरुजींच्या तोंडून ऐकत आले आहे. तरीही ज्यांना खरोखर शिक्षक व्हायचे आहे त्यांच्यापैकी एकीने ‘शिक्षक का व्हायचे’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आधी पगाराविषयी लिहिते, कारण तो विषय टाळून केलेले सेवेचे बोलणे कोणाला पटत नाही. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज या भागात पाऊस बेभरवशाचा आहे, डोंगराकडची जमीन हलकी आहे आणि हाताला काम देणारे कारखाने फारसे नाहीत. अशा ठिकाणी महिन्याला ठरलेली रक्कम घरी यावी, असे वाटण्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्याकडची मुले-मुली तलाठी, वनरक्षक, पोलीस शिपाई आणि शिक्षक या सगळ्या भरत्यांचे अर्ज भरतात, तसे ते मीही भरले आहेत. मात्र शिक्षकाची नोकरी सोपी म्हणून कोणी इकडे वळत असेल, तर तो जुन्या माहितीवर चालला आहे, असेच म्हणावे लागेल. डी.एड. झाले की नोकरी ठरलेली, हा काळ मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरतीवर निर्बंध आणले तेव्हाच संपला आणि मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यांत निघालेल्या अध्यापक विद्यालयांचे वर्ग बघता बघता ओस पडले. पुढे शिक्षकभरतीसाठी शासनाचे पवित्र पोर्टल आले, पण त्यासाठी आवश्यक असलेली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ मध्ये झाल्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये झाली. निवड झालीच तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये सोळा हजार झाले, त्याआधी ते सहा हजार होते. खासगी संस्थांतल्या जागांचा ‘भाव’ काय चालतो, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

इतके असूनही शिक्षक व्हायचे ते मुख्यतः पहिली-दुसरीच्या वर्गासाठी, आणि त्याचे कारण मला पदविकेच्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेत राहून केलेल्या शिकवण्याच्या सरावात, सापडले. तोपर्यंत पहिलीला शिकवणे म्हणजे मुले सांभाळणे, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात वाचायला शिकवणे हे अतिशय बारकाईचे काम आहे. मूल मुळाक्षरांचा तक्ता घडाघडा म्हणते, याचा अर्थ ते वाचते असा नसतो. बऱ्याचदा ते चित्रांचा क्रम पाठ म्हणत असते आणि तेच अक्षर फळ्यावर एकटे लिहिले की गप्प होते. मात्रा आणि काना वेगवेगळे ओळखणारे मूल ओकारापाशी अडते, कारण तिथे दोन्ही एकाच वेळी येतात. जोडाक्षराशी तर निम्मा वर्ग थांबतो. ही अडचण नेमकी कुठे आहे, ऐकण्यात की बघण्यात की सरावात, हे ओळखायला त्या मुलाजवळ बसावे लागते, त्याची चूक पुसून न टाकता ती वाचावी लागते. बंजारा तांड्यावरच्या शाळेत यात आणखी एक पदर येतो. घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारे मूल तक्त्यावरचे चित्र पाहून आपल्या बोलीतला शब्द उच्चारते, तो शेजारच्या अक्षराशी जुळत नाही, आणि सगळे बरोबर सांगूनही आपले चुकले असे त्याला वाटू लागते. मी ज्या शाळेत होते तिथल्या बाई मुलांना आधी त्यांच्या बोलीतच गोष्ट सांगायला लावत, मग तीच गोष्ट मुलांच्याच मदतीने मराठीत फळ्यावर उतरवत, आणि वाचनाचा पाठ तिथून सुरू होई. एखाद्या मुलाला अक्षरे जुळून अचानक शब्द ऐकू येतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्याचा मोह मला आहे, हे मी स्पष्टच सांगते. त्याला त्याग वगैरे म्हणू नये. मला ते काम आवडते.

दुसरे कारण आमच्या जिल्ह्याचे आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि त्यांच्यामागे वर्गातली मुलेही जातात. काही मुले आजी-आजोबांकडे थांबतात आणि हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत टिकतात. बाकीची पाडव्याच्या सुमारास परततात, तोवर वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. शिक्षण हक्क कायद्यामुळे त्यांचे नाव पटावर राहते आणि वरच्या वर्गातही जाते, हे योग्यच आहे, परंतु नाव पुढे गेले म्हणून वाचन पुढे जात नाही. चौथीतल्या मुलाला दुसरीचे वाचन शिकवायचे आणि तेही इतर मुलांसमोर त्याचा पाणउतारा न होता, यासाठी लागणारे कौशल्य कोणत्याही मार्गदर्शिकेतून हाती येत नाही. आमच्या भागातल्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि बैठका यांत अडकलेला असताना दुसऱ्याने चार इयत्ता सांभाळून हे करायचे असते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. ते कोणी वाचत असेल, असे शाळेतला दिवस पाहून वाटत नाही.

मराठवाड्यात तरी शिक्षकाच्या कामाला ‘दुसरे काही न जमलेल्याचे’ काम म्हणू नये, असे मला वाटते. स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले ते नंतर. आधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिकवत होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठी मुलांसाठी अशा शाळा चालवणे, हेच एक राजकीय काम होते. दरवर्षी १७ सप्टेंबरच्या भाषणांत स्वामीजी सेनानी म्हणून येतात, मास्तर म्हणून क्वचितच येतात.

आता माझा मुख्य मुद्दा. शिक्षक होण्यासाठी मी पात्रता परीक्षेत दीडशे प्रश्न सोडवते, अभियोग्यता चाचणीत एकशे वीस मिनिटांत दोनशे प्रश्न सोडवते, त्यासाठी शहरातल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेते, आणि या सगळ्या वाटेवर शिक्षक का व्हायचे आहे, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचे आहे, हे मला कोणीही विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या भरतीत मुलाखत नाही, याविषयी माझी तक्रार नाही. मुलाखतीच्या नावाखाली काय चालत असे ते ठाऊक असल्याने ती नाही हेच बरे. परंतु संख्यामालिका आणि सांकेतिक भाषा झटपट सोडवणारा उमेदवार वर्गात कसा उभा राहील, हे या चाचणीतून कळत नाही, आणि ते कळून घेण्याची दुसरी सोयही शासनाने ठेवलेली नाही.

ती सोय शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांत करता येईल. हा काळ आज कमी मानधनात काम करून घेण्यापुरता उरला आहे. त्याऐवजी नव्या शिक्षकाच्या वर्गात अनुभवी शिक्षकाने महिन्यातून काही दिवस बसावे, त्याने दाखवावे, नव्या शिक्षकाने करून पाहावे आणि त्यावर दोघांनी बोलावे, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ होईल. हे केंद्रप्रमुखांकडून, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, व्हावे अशी अपेक्षा आहे, पण कित्येक केंद्रांत ते पदच रिक्त असते किंवा दोन-दोन केंद्रांचा भार एकाच व्यक्तीवर असतो, त्यामुळे ही पदे आधी भरावी लागतील. शिवाय पोर्टलवर इयत्तांचा गट आणि जिल्हा परिषद निवडता येते, वर्ग मात्र शाळेत गेल्यावर ठरतो आणि पहिली बहुधा ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला येते. शिक्षण विभागाने याबाबत एक साधी सूचना काढावी की, पहिलीचा वर्ग स्वतःहून मागणाऱ्या शिक्षकाला तो द्यावा आणि तीच मुले दुसरीतही त्याच्याकडेच ठेवावीत.

आपली विश्वासू,
एक डी.एल.एड. पदविकाधारक,
ता. धारूर, जि. बीड