समासातल्या पेन्सिलीबद्दल

आदरणीय काकांना,
स. न. वि. वि.

परदेशी रॉक गिटारवाल्यांची आत्मचरित्रं हल्ली घरपोच मिळतात. आत काय आहे तेही पाठीमागच्या कव्हरावर छापलेलं असतं: नाव झालं, पैसा आला, नशा लागली, बँड फुटला. तेव्हा पुस्तकं दिलीत म्हणून आभार मानायचे तर ते कुरिअरवाल्याचेही मानावे लागतील. हे पत्र आहे ते तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलेल्या टिपणांसाठी. दिवसा सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागं आणि रात्री ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर गिटार घेऊन, अशी जन्मभर दोन्हीकडं हजेरी लावलेल्या माणसालाच असली टिपणं सुचतात.

लातूर-नांदेड-परभणीच्या पट्ट्यात लग्नाच्या, गणपतीच्या नि १४ एप्रिलच्या सुपाऱ्या वाजवणारी पोरं ही पुस्तकं उघडतात, तेव्हा बोट नेमकं हॉटेलची खोली फोडल्याच्या पानावर पडतं. त्या पानांवर तुमची पेन्सिल गप्प आहे. एकाच ठिकाणी बारीक अक्षरात विचारलंय, ‘बिल कोणी भरलं?’

पेन्सिल खरी बोलायला लागते ती रोलिंग स्टोन्स बँडच्या कीथ रिचर्ड्सच्या पाच तारांपाशी. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार काढूनच टाकायची. पाचवी ए वरून जी वर उतरवायची, पहिली ई वरून डी वर, मधल्या तिघींना हात लावायचा नाही. जाडीकडून बारकीकडं जी-डी-जी-बी-डी. आता एक बोट आडवं टाकलं की मेजर कॉर्ड तयार. त्याच बोटाच्या पुढं दुसऱ्या तारेवर एक घर (दोन फ्रेटमधली जागा) आणि चौथ्या तारेवर दोन घरं दाबली की सा वरून मध्यमाची कॉर्ड निघते, आणि ती दोन बोटं उचलली की परत सा. त्याच्या निम्म्या चाली या उचल-ठेवीतच आहेत. इथं काय बिघडतं तेही तुम्ही लिहिलंय: एक स्वर उतरवलेल्या पाचव्या तारेचा ताण आधीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत येतो, तार लोळते आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरते. मग दहा-सेहेचाळीसच्या (तारांची जाडी, हजारांश इंचात) सेटमधली छत्तीसची पाचवी काढून चाळीस-बेचाळीसची घालायची, पहिली दहाच्या ऐवजी अकराची. मानेच्या टोकाला तारा जिथं टेकतात त्या नटच्या जुन्या खाचेत जाड तार अडकते, ट्यून करताना टक् आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच किंचित रुंद करायची आणि तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासायचं. (त्या पानावर काळा डाग पडलाय. खाचेवरून आलेलं बोट तिथं टेकलं असणार.)

दुसरं टिपण तर झेरॉक्स काढून स्टेजवर चिकटवण्याजोगं आहे. गन्स अँड रोझेस बँडच्या स्लॅशची गिटार अर्धा स्वर खाली असते, जिमी हेंड्रिक्सचीही असायची. पुस्तकात ती गोष्ट येते नि जाते. तुम्ही ती आपल्या गायकांच्या पट्टीला आणून बांधलीत. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की डी चा आकार धरल्यावर काळी एक वाजते, ई ला काळी दोन, जी ला काळी तीन, ए ला काळी चार. म्हणजे पेटीवाल्याच्या काळ्या पट्ट्या, ज्यांच्यासाठी गिटारवाला तासभर बारे (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरून मनगट मोडून घेतो, त्या मोकळ्या तारांवर मिळतात. राहिली काळी पाच, तिला बी चा बारे धरावाच लागतो. ‘सगळंच फुकट कसं मिळंल?’ असं तुम्ही पुढं लिहिलंयच.

ज्यांच्या गिटारला तरंगता ब्रिज (तारा जिथं अडकतात तो, स्प्रिंगांवर झुलणारा भाग) आहे त्यांच्यासाठी खाली तीन ओळी. तारा उतरवल्या की ताण साधारण अकरा टक्क्यांनी घटतो, मागच्या स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागं बसतो आणि तारा फ्रेटवर पडतात. पाठीमागची पट्टी उघडून आतले दोन स्क्रू पाव-पाव फेरा सैल करायचे, पुन्हा ट्यून करायचं, पुन्हा बघायचं. एका दमात दोन फेरे सोडले की संध्याकाळ गेली. सुपारीच्या दिवशी हे काम काढायचंच नाही.

ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीच्या पानावर तुम्ही फार थांबला नाहीत, पण जे लिहिलंय ते नेमकं आहे. तो बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गेला तो तारा दाबणारा हात. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या, पुढं गिटार दीड स्वर खाली उतरवली. दीड स्वर म्हणजे ताण एकाहत्तर टक्के, हा हिशेब तुमचा. ज्या जड आवाजाला लोक सैतानी म्हणतात त्यात या सैल तारांचा वाटा मोठा आहे. तुम्ही तिथं एवढंच लिहिलंत, ‘नशेच्या आधीचं आहे हे सगळं.’

उन्हाळ्याचं टिपण कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो तेव्हा हवा पार कोरडी असते. फिंगरबोर्ड आक्रसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळव्याला बोचतात. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालायचा, ती केसमध्ये ठेवायची आणि दर दोन दिवसांनी बघायची. श्रावणात काढून टाकायची.

आता ज्या पानांसाठी हे पत्र उघड लिहिलंय, त्यांच्याबद्दल.

स्लॅशला २००१ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हृदयाचा स्नायू फुगून ढिला पडल्याचं निदान झालं आणि छातीत डिफिब्रिलेटर (ठोका बिघडला की झटका देणारं यंत्र) बसवावा लागला. हे वाचून पोरं ‘बाप रे’ म्हणतात आणि पान उलटतात. तुम्ही समासात खुणा लिहून ठेवल्यात: जिना चढताना दम, आडवं पडलं की जास्त दम, उशाला दोन उशा लागणं, संध्याकाळी घोट्यावर सूज, बोट दाबलं की खड्डा राहणं. ढोल-ताशा आणि ऑर्केस्ट्रातले कितीजण ही सूज ‘उभं राहून आली’ म्हणून चपलेचा नंबर वाढवतात, हेही.

त्याखालचं टिपण सगळ्यात लांब आहे, पानाच्या खालून वळून पुढच्या पानावर गेलंय. हेरॉइन अचानक थांबवलं तर सहा ते बारा तासांत अंग मोडायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो, आठवडाभरात उतरतं. जीव नकोसा होतो, पण तेवढ्यानं जीव सहसा जात नाही. धोका पुढं असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापानं घेतो, श्वास थांबतो. या पुस्तकांतली बरीच मरणं अशी ‘सोडल्यानंतरची’ आहेत. दारूचं उलटं. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि यात माणूस दगावतो. आपल्याकडं पोराला खोलीत कोंडून ‘चार दिवसात उतरंल’ म्हणतात, किंवा शपथ घालून एका दिवसात सोडवतात. शपथ राहू द्या, पण ते चार दिवस दवाखान्यात काढा, असं तुमचं म्हणणं. आणि दवाखान्यात गेल्यावर ‘आधी सलाईन लावा’ म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व खलास झालेलं असतं. नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही ते खर्चून टाकतं आणि मेंदूला इजा होते. थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर.

भिंतीवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ जाहिरातींवरही तुम्ही रेघ ओढलीय. भाजीत गुपचूप मिसळायच्या असल्या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. दारू पचताना मधल्या टप्प्यावर जे विष तयार होतं, ते मोडणारं एन्झाइम हे औषध बंद पाडतं. चेहरा लाल, छाती धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. माहिती असलेल्या माणसाला तो धाक असतो. माहिती नसलेला आणि हृदय आधीच ढिलं असलेला माणूस मरू शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम टिकतो. डॉक्टरनं द्यायची, रुग्णानं कळून-सवरून घ्यायची, एवढं अधोरेखित करून बाजूला १४४४६ हा सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव आणि १९८६ हे त्याच्या स्थापनेचं सालही तिथंच.

इंग्लंडचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन हेरॉइनमधून सुटला आणि दारूत पडला, १९८२ ला उपचार घेतले, परत घसरला, १९८७ ला सोडली ती कायमची. ‘दोनदा जावं लागलं,’ हे तुमचं टिपण दुसऱ्या खेपेला ॲडमिट झालेल्या पोराच्या आईला वाचून दाखवावं असं आहे. पुढं अँटिग्वा बेटावर त्यानं व्यसनमुक्ती केंद्र काढलं आणि त्यासाठी स्वतःच्या गिटारी लिलावात विकल्या. स्लॅशचा जोडीदार गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन नशा सोडून सावरला तेव्हा गन्स अँड रोझेसच्या दौऱ्यात वेगळ्या बसनं फिरायला लागला, आणि १९९१ मध्ये बँडच सोडला. इथं तुम्ही टेम्पो ट्रॅव्हलरचं चित्र काढलंय! सोडलेल्याची सीट ड्रायव्हरशेजारी, बाटलीवाले मागं, परतीचं भाडं त्याच्या खिशात वेगळं.

भांडणांच्या पानांवर तुमची पेन्सिल वकिलासारखी चालते. ईगल्स बँडचा डॉन फेल्डर, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या सगळ्यांना पाठ असलेल्या त्या बी मायनरच्या चालीचा मूळ धनी. बँड १९९४ ला पुन्हा जमला तेव्हा वाटे बदलले, बँडमधल्या डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्रायला जास्त. २००१ ला फेल्डरला काढलं, त्यानं दावा लावला, २००७ ला कोर्टाबाहेर मिटलं. यावर तुम्ही तमाशाचा फड आठवलात: फड फुटतो तो नावावरून, उचलीवरून आणि ‘चाल कुणाची’ यावरून. मग पाच प्रश्न खरडलेत, जे एका कागदावर सह्यांसह असावेत. ऑर्केस्ट्राचं नाव कुणाचं? सुपारी रद्द झाली तर इसार कुणी परत करायचा? मिक्सर आणि बॉक्स कुणाच्या पैशाचे? मधेच गेला त्याला काय? स्वतःचं गाणं केलं तर शब्द, चाल, संगीत यांचे टक्के किती? हा शेवटचा प्रश्न गाणं रेकॉर्ड होण्याआधी मिटवा, चाललं की कुणालाच आठवत नाही, असं तुम्ही लिहिलंय आणि त्यावर आमची काही पुरवणी नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाच्या नावे लिहून देता येत नाही, हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. भीमगीतं लिहिणाऱ्यांनाही नाही.

पुस्तकं सध्या परभणीत आहेत. एकाची मधली सोळा पानं सुटली होती, ती शिवून घेतलीत. टिपणं पुसट व्हायला लागली म्हणून झेरॉक्स काढली, पण झेरॉक्सात पेन्सिल नीट उठत नाही. तेव्हा सगळी टिपणं वहीत उतरवून काढायचं काम चालू आहे. त्याच पुस्तकाच्या पान १८७ वर ‘हे आवळू नका’ असं लिहिलंय, पण बाण कुठल्या स्क्रूकडं जातो ते कळत नाही. तेवढं कळवावं. आणि पुढचं पुस्तक निवडताना समास रुंद असलेलं बघा.

आपली,
ऑर्केस्ट्रातली गिटारवाली मंडळी
लातूर, नांदेड, परभणी