लग्नपत्रिका कापून कन्नड शिकवताना

महोदय,

नातू मराठी शाळेत पहिलीत आहे. कन्नडची पाटी पुढे आली की त्याला रडू फुटायचं. शेवटी मी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. एकावर चित्र, दुसऱ्यावर कन्नड शब्द, जोडी जमली की पत्ते त्याचे. चिंचोके मोजता मोजता ओंदु, एरडु, मूरु कधी पाठ झालं, कळलंही नाही.

खरी अडचण ऱ्हस्व ए-ओची. मराठीत हा भेदच नाही. कन्नडमध्ये ‘कोडु’तला ओ आखूड म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’! म्हणून आखडत्या स्वराला टाळी आणि लांब स्वराला दोन्ही हात पसरायचे, असा खेळ केला. आता तोच माझ्या चुका काढतो. ‘तायि’ म्हणजे आई, हे ऐकून तो आपल्या ताईकडे बघतच राहिला. अक्का आणि अण्णा मात्र दोन्ही भाषांत तेच, याचा त्याला फार आनंद झाला.

कन्नड आली की मराठी पुसली जाईल, ही भीती मला पटत नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो. सीमाभागातल्या अंगणवाड्यांत असे पत्ते करून ठेवावेत, चिंचोके आम्ही आज्या देऊ.

– एक आजी, खानापूर