छोटा लॅपटॉप घेताना रॅमचं बघा

संपादक,
स.न.

परवा तुमच्या पेपरात नवीन स्लिम लॅपटॉपांवर पानभर आलं होतं पण रॅम (चालू कामाची मेमरी) नंतर वाढवता येते का, याबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहितोय. माझं काम फिरतीचं, महिन्यातले दहा-बारा दिवस कोकणात, पंधरा इंची धूड पाठीवर घेऊन फिरून कंबर गेली तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहॅंड थिंकपॅड एक्स२७० (लेनोवोचा छोटा लॅपटॉप) घेतला. साडेबारा इंची स्क्रीन, वजन साधारण दीड किलोच्या आत, मांडीवर मावतो. खालचे स्क्रू काढून ८ जीबीची रॅम काढली, १६ ची बसवली, हार्डडिस्क जाऊन एसएसडी (चिपवाली, वेगवान डिस्क) आली, सगळं घरीच, अर्ध्या तासात. मागची बॅटरी चालू मशीनवर बदलता येते, आतली दुसरी तेवढ्यात सांभाळून घेते, गाडीत सॉकेट बंद असला तरी (तो असतोच) अडत नाही.

पण गंमत बघा, विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी लागते आणि हा सहावी-सातवीतला, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. पुढचं मॉडेल एक्स२८० घ्यावं तर त्यात रॅम बोर्डालाच चिकटवलेली! दुकानदार हे सांगत नाही, विचारलं तर "साहेब आठ जीबी पुरेशी आहे". मी शेवटी एक्स२७० वरच विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकली, मराठी टायपिंग मस्त चालतं.

तुमच्या तक्त्यात किमतीशेजारी रॅमचा एक रकाना टाका ना.

– एक वाचक, डोंबिवली