मार्सेयच्या ताईंना, आईच्या श्रावणासकट

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. फ्रान्समधल्या मार्सेयला तुम्ही मला आणि आईबाबांना तिथलं खाणं दाखवत दिवसभर फिरवलंत.

व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं पाठवून माझ्या परीनं मी आभार मानले होते. आईला ते पटलेलं नाही. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारते, "त्यांना नीट पत्र लिहिलंस का?" म्हणून हे पत्र. ते चारचौघांत लिहितेय, कारण म्हाताऱ्या आईवडलांना घेऊन युरोपात निघणाऱ्या आणि अर्धी बॅग दशम्या-चिवड्यानं भरणाऱ्या आणखी कुणालाही ते उपयोगी पडेल. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच तसं बजावलं होतंत.

आदल्या संध्याकाळी आमची काय अवस्था होती, ते तुम्हाला फोनवर पुरतं सांगितलं नव्हतं. जिथे खाद्ययात्रा नोंदवली होती, तिथून निरोप आला: तुमच्यातल्या एक बाई मासे, मटण, अंडं खात नाहीत, तर त्यांच्यासाठी आमच्याकडे काही नाही, त्या नुसत्या सोबत चालू शकतात. पैसे मात्र पूर्ण. आई लगेच म्हणाली, "मी बसते हॉटेलात, तुम्ही जाऊन या." श्रावण चालू होता. बाबांनी समुद्र ओलांडल्याबरोबर आपला श्रावण रद्द करून टाकला होता, आईनं नाही. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "सकाळी साडेआठला जुन्या बंदरावर त्या मोठ्या आरशाखाली उभे राहा. आईंना उपाशी आणू नका, पण पोटभर खाऊही घालू नका." काय खातात, किती खातात, याची एकही चौकशी नाही. मला तर शंकाच आली होती.

तो आरसा, म्हणजे वास्तुकार नॉर्मन फॉस्टरनं २०१३ साली बांधलेलं ते चकचकीत छत, आईला फार आवडला. त्यात स्वतःला उलटं बघत ती बराच वेळ मान वर करून उभी होती. बाबा तोवर मासळीच्या टेबलांकडे गेले होते. रत्नागिरीच्या माणसाला ऑगस्टात ताज्या मासळीची टेबलं दिसली की तो कुणाचं ऐकत नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तारली त्यांनी लांबूनच ओळखली, वाम ओळखली, आणि तो लाल, काटेरी, रागीट तोंडाचा रासकास बघून "हा खातात?" असं विचारलं. तेव्हा तुम्ही त्यांना बुयाबेसची गोष्ट सांगितलीत. कोळ्यांनी न विकली जाणारी, काट्यांनी भरलेली मासळी समुद्रकाठीच उकळून केलेलं कालवण ते हे. नंतर त्याला इतका मान चढला, की १९८० साली शहरातल्या हॉटेलवाल्यांनी एक सनदच लिहून काढली: ठरलेल्या यादीतले निदान चार प्रकारचे मासे हवेत, रस्सा आणि मासे वेगवेगळे यायला हवेत, मासा गिऱ्हाइकासमोर कापायला हवा. किंमत ऐकून बाबांनी हात जोडले. "म्हणजे गरिबाचं कालवण श्रीमंताला विकलं," असं म्हणून ते पुढे चालू लागले. मला वाटतं, तुमचं आणि त्यांचं तिथेच जुळलं.

पण हे पत्र मुख्यतः आईसाठी आहे.

ताई, "हे शाकाहारी आहे का?" असं तुम्ही दिवसभरात कुणालाच विचारलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते नोआय वस्तीतल्या बाजारात पोचल्यावर. मी हा प्रश्न त्या सहलीत सगळीकडे विचारत आले होते आणि "हो हो, फक्त मासा आहे" इथपासून "नाही, पण मांस काढून देतो" इथपर्यंत उत्तरं ऐकत होते. तुम्ही विचारत होतात ते वेगळंच. हा रस्सा कशावर शिजवलाय? भाज्या त्याच भांड्यात होत्या का? या तेलात याआधी काय तळलं? तापनाद म्हणजे काळ्या ऑलिव्हच्या चटणीत आंचोवी नावाची मासळी वाटलेली असते आणि कुसकुसवरच्या (म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्यांवरच्या) भाज्या बहुधा मटणाच्याच रश्श्यातून निघालेल्या असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आईच्या बाबतीत याआधी काय काय झालं असेल, ते आता विचारत नाही.

आणि या प्रश्नांनी माणसं बोलायला लागतात, हे तर त्याहून मोठं. खाता का, नाही का, याचं उत्तर एका शब्दात संपतं. कसं केलंत, असं विचारलं की बाई पदर खोचून सांगायला उभी राहते, मग ती अल्जीरियाची असो नाहीतर अलिबागची.

काप्युसँ बाजारातल्या त्या महाजेबवाल्या बाई आठवतात? तेलाच्या हातानं रव्याची कणीक ओट्यावर पसरत होत्या, इतकी पातळ की खालचा ओटा दिसावा. मध्ये कांदा-टोमॅटोचं तिखट सारण, चारी बाजूंनी घडी आणि मग तव्यावर. आई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. तुम्ही रव्याचं प्रमाण विचारलंत, त्यांनी सांगितलं, आईनं मराठीत विचारलं, "किती वेळ भिजवता?" आणि तुम्ही भाषांतर करायच्या आत त्या बाईंनी बोटांनी दाखवलं. त्यांचे आईवडील अल्जियर्सहून आलेले, हे त्यानंतर कळलं. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला तेव्हा तिथले युरोपीय वंशाचे लाखो लोक याच बंदरात उतरले, आणि अल्जीरियन मजूर त्याच्या आधीपासून येत होते, नंतरही येत राहिले. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकाच बाजारात पुदिना घ्यायला लागली, असं तुम्ही म्हणालात. गोडवा न लावता म्हणालात, म्हणून ते पटलं.

असं एकेक खाणं कुठल्या बोटीतून उतरलं, ते तुम्ही जाता जाता सांगत होतात. इसवीसनापूर्वी ६०० च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानातल्या फोसीआहून आलेल्या ग्रीकांनी हे बंदर वसवलं. ऑटोमन तुर्कांच्या राज्यातल्या १९१५ च्या संहारातून वाचलेले आर्मेनियन १९२० च्या दशकात इथे छावणीत राहिले, त्यांची बास्तुर्मा, म्हणजे मसाला चोळून वाळवलेलं मांस, आजही मिळते (आईनं त्या दुकानाच्या बाहेरच थांबणं पसंत केलं). नेपल्सच्या लोकांचा पिझ्झा. त्यात अर्धा चीजचा, अर्धा आंचोवीचा. आणि हिंदी महासागरातल्या कोमोरोस बेटांचे लोक, जे फ्रेंच जहाजांवर खलाशी म्हणून आले आणि इथेच राहिले. त्यांच्या दुकानात कच्ची केळी, कसावा, नारळ. आईनं एक नारळ उचलून कानाशी हलवला. दुकानदारानं मान हलवली, तो परत ठेवायला लावला आणि मागून दुसरा काढून स्वतःच्या कानाशी हलवून तिला दिला. त्या दोघांत एक शब्दही बोलणं झालं नाही. नारळ आम्ही घेतला, दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या माणसाला तो फोडायला काही सापडेना, तो भाग सोडून देते.

रू दोबान्य या रस्त्यावरच्या त्या मोकळ्या जागेपाशी तुम्ही थांबलात, ते दुसऱ्या कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. खाण्याच्या फेरफटक्यात पडक्या इमारती दाखवत नाहीत. ५ नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या ६३ आणि ६५ क्रमांकाच्या जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली, आणि त्यानंतर शहरभरातून हजारोंना धोकादायक घरांतून बाहेर काढावं लागलं. जवळच्या चौकाला आता त्या तारखेचंच नाव आहे. "लोक येतात, रंगीबेरंगी बाजार म्हणून फोटो काढतात, पण वरच्या मजल्यावर ओल किती आहे ते बघत नाहीत," हे तुमचं वाक्य बाबांना लागलं. ते गिरगावात चाळीत राहिलेले आहेत, दुरुस्तीच्या नोटिसा वर्षानुवर्षं जिन्यात लटकताना त्यांनी पाहिल्या आहेत. त्यांनी तुम्हाला घरमालक, भाडेकरू आणि नगरपालिका यांच्याबद्दल जे प्रश्न विचारले, ते खाण्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त होते, आणि तुम्ही सगळ्यांची उत्तरं दिलीत. मी मात्र तेव्हा तहानेनं हैराण होते. पुदिन्याचा चहा कुठून आणलात, देवाला ठाऊक.

भांड्यांच्या दुकानाबद्दल वेगळे आभार. १८२७ पासून चालू असलेल्या मेझाँ आँप्ररमध्ये आईनं प्रत्येक चमचा हातात घेऊन पाहिला आणि काहीही घेतलं नाही. तुम्ही तिला हळूच म्हणालात, "बघायचं इथे, घ्यायचं गल्लीत." कुसकुस वाफवायचं ते दोन मजली अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घरी सुखरूप पोचलं. विमानतळावर सुरक्षा तपासणीवाल्यांनी ते उघडून, उलटं करून, भोकांतून आरपार बघितलं. गणपतीत त्यात उकडीचे मोदक झाले. एकही फुटला नाही.

दुपारच्या बोटीचं बाबा अजून सांगतात. जुन्या बंदरावरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लेस्ताकला जाणारी ती साधी प्रवासी बोट, पाऊणएक तासाची. तुम्ही त्यांना मुद्दाम बंदराच्या बाजूला बसवलंत. ला जोलिएतचे धक्के, अल्जियर्सच्या बोटीसाठी टपावर गाद्या, सायकली आणि फ्रीज बांधून रांगेत उभ्या असलेल्या गाड्या, मग लांबच लांब भिंत. ८ जुलै १९१० च्या सकाळी 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी उडी घेतली ती याच शहराच्या बंदरात. बाबांना उडी तोंडपाठ होती, 'त्रिखंडात गाजलेली' वगैरे सगळं. पुढचं तुम्ही सांगितलंत: फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला फ्रेंच पोलिसानं इंग्रजांच्या हवाली केलं, यावरून फ्रान्समध्येच कसा गदारोळ झाला, समाजवादी नेते जाँ जोरेस आणि मार्क्सचा नातू जाँ लाँगे यांनी कसा आवाज उठवला, आणि फेब्रुवारी १९११ मध्ये हेगच्या लवादानं पकडण्याच्या पद्धतीत चूक झाली हे मान्य करूनही ब्रिटननं कैद्याला परत द्यायची गरज नाही असा निकाल कसा दिला. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. आपल्याला कुणी काही शिकवलेलं त्यांना सहसा खपत नाही. त्या दिवशी त्यांनी वही काढली.

आणि मग लेस्ताकची पानिस!

समुद्राकाठची ती टपरी, कागदाच्या पुडीत गरम गरम चकत्या, वर मीठ-मिरी. तुम्ही आधी तेलाची चौकशी केलीत, मग पिठाची, मग म्हणालात, "आई, चण्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल. बाकी काही नाही." आईनं एक चकती तोडली, खाल्ली आणि म्हणाली, "अगं, ही तर पिठल्याची वडी, तळलेली!" बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. दुसऱ्या पुडीसाठी ती स्वतः रांगेत उभी राहिली. शेजारी बाबा भाजलेली तारली खात होते आणि पहिल्यांदाच दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यासाठी थांबावं लागत नव्हतं. आई परदेशात कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलाशी नुसती पाणी पीत बसते, हे मी आजवर इतक्यांदा पाहिलंय की ते मला नेहमीचंच वाटू लागलं होतं. त्यावर संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास येणारी ती लांबलचक, साखरेत घोळवलेली, 'शिशी' नावाची तळलेली मिठाई तिनं खाल्ली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. तुमचे आभार खरं तर त्या पुड्यांसाठीच मानायचे आहेत, बाकीचं सगळं वरकड.

आता आईचे निरोप. एक: पानिस तिनं घरी केली. आपलं बेसन डाळीचं, तिथलं पीठ काबुली चण्याचं, त्यामुळे रंग पिवळाधमक येतो आणि थापलेलं थोडं सैल राहतं. पाणी किती कमी करू, ते त्या टपरीवाल्याला विचारून कळवा. दोन: गोडा मसाला, कोकमं आणि मेतकूट कुरिअरनं पाठवलंय; कोकमांची पिशवी फ्रिजात ठेवू नका. तीन: महाजेबवाल्या बाईंना सांगा की रवा रात्रभर भिजवून बघितला, जास्त चांगला ताणला जातो.

बाबांचा निरोप एकच आहे. हिवाळ्यात भारतात येणार आहात, तर रत्नागिरीला यायचंच. मिरकरवाड्यातून मासळी ते स्वतः निवडून आणतील. फक्त गुरुवार आणि संकष्टी टाळून या, असं त्यांनी आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात सांगितलंय.

आपली,
त्या दिवशी सतत तहानलेली मुलगी