फोटो काढायच्या आधी निदान विचारा तरी

संपादक महोदय,

परवा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये माझ्या आवडत्या गायिका समोरच बसलेल्या दिसल्या, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, चष्मा कपाळावर सरकवलेला, नाव पुकारायची वाट बघत होत्या अगदी आपल्यासारख्याच. तेवढ्यात एकजण मोबाइल काढून थेट त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा, विचारलं नाही, नमस्कार तर लांबच, फोटो काढला आणि नीट आलाय का बघत बघत निघूनपण गेला!

आपल्याला वाटतं आपली ओळखच आहे, रोज ऐकतो ना. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय की टीव्ही-रेडिओवरच्या माणसाशी आपली एकतर्फी जवळीक होते, त्याला मात्र आपण कोण ते ठाऊकच नसतं. आणि या कलाकारांना धास्ती पण असते बरं का, ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर ‘बीटल्स’चा गायक जॉन लेननने ज्याला रेकॉर्डवर सही दिली त्यानेच काही तासांनी त्याला गोळ्या घातल्या, मग बॉडीगार्ड ढकलतात म्हणून बोंब कशाला मारायची?

भेटू नका असं नाही म्हणत मी. नेमकं कुठलं गाणं आवडलं ते एका वाक्यात सांगा, त्यांनाही बरंच वाटेल, फोटो हवा तर विचारा, नाही म्हणाले तर तोंड वाकडं करू नका. दवाखान्यात मात्र अजिबात नको, तिथे सरळ पाटीच लावावी ‘पेशंटचे फोटो काढू नयेत’ म्हणून.

– एक वाचक