खड्ड्याची कड दाखवणाऱ्या काकांना

नाशिक

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

उत्खननावरची मुकादमी संपवून निवृत्त झाल्यावरही तुम्ही नाशिकच्या उत्खनन शिकवणाऱ्या शिबिराला आलात, सरावासाठी शिळावर्तुळ रचलंत आणि आमच्याकडून ते थराथरानं उकलून घेतलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

विदर्भात जुनापाणी, माहुरझरीला असतं तसं वर्तुळ: बाहेर धोंड्यांचं कडं, आत दगडमातीची भर, तिच्याखाली दफन. मधोमध खड्डा घ्यायचा नाही, हे तुमचं पहिलं सांगणं. दोरीनं चार भाग पाडायचे, मध्ये न खणलेल्या मातीचे अर्ध्या मीटरचे बांध राखायचे आणि आधी समोरासमोरचे दोनच भाग उतरवायचे. भर एकदाच टाकली की पुन्हा उघडून बुजवली, ते बांधाच्या उभ्या छेदात वाचता येतं. सरसकट खणलं की भांडी हाती येतात, विधी हातचा जातो.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही दफनाच्या खड्ड्याच्या कडेवर घालवलात, ते योग्यच होतं. काळी माती दुपारी वाळून एकरंगी होते. म्हणून सकाळीच पंपानं हलका फवारा मारायचा, खुरपीच्या धारेनं पातळ तासायचं आणि रंगाइतकंच हाताकडे लक्ष द्यायचं. मूळच्या जमिनीत खुरपी अडते, भरलेल्या मातीत सहज शिरते. उन्हाळ्यातल्या भेगांतून वरचं खापर खाली उतरतं आणि काळ चुकतो. भेगेतला माल वेगळ्या पिशवीत ठेवायचा, तो त्यासाठी.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जोर्वे काळातल्या, म्हणजे ताम्रपाषाणयुगातल्या, प्रौढ दफनांत पावलं घोट्याखाली तोडलेली आढळली. पण हाडं नाहीत एवढ्यावर ‘तोडली’ म्हणता येत नाही. नंतरच्या खड्ड्यानं ती छाटली का, उंदरा-घुशींनी हलवली का, नांगर लागला का, हे आधी तपासायचं. खड्ड्याची कड शाबूत आहे, माती विस्कटलेली नाही आणि तरीही पावलं नाहीत, तेव्हाच ती प्रथा. ही शिस्त तुम्ही अंगी भिनवलीत.

पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी १९५०-५१ मध्ये आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्व्याला उत्खनन केलं. त्याच जोर्वे संस्कृतीत लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. असा रांजण जागेवर रिकामा करायचा नाही. उत्तरेची खूण करायची, कापडी पट्ट्या गुंडाळायच्या, खाली फळी सरकवून मातीसकट उचलायचा. आतली माती पाच-पाच सेंटिमीटरनं काढून बारीक चाळणीतून गाळायची. उगवतीला आलेले दात तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि मुलाचं वय मुख्यतः त्यांवरून ठरतं. घाईत ते घमेल्यातून ढिगाऱ्यावर जातात.

हाड दिसलं की लोखंड बाजूला, बांबूची कोरणी हातात. ऊन लागलं तर पापुद्रे सुटतात. द्राक्षबागेतली जुनी हिरवी जाळी तुम्ही ताणलीत, ती त्यासाठीच. हाड पक्कं करणारं रसायन लावण्याआधी नमुना काढून ठेवायचा, कारण त्यातला कार्बन मिसळला की कालमापन बिघडतं.

बांधाच्या छेदाचं १:१० चं रेखाटन सोबत जोडलं आहे. तिसऱ्या थराची खालची रेघ आम्ही तुटक ठेवली आहे, कड तिथे नीट दिसत नव्हती. लाल पेनानं तपासून पाठवा.

आपली,
शिबिरातली नाशिकची मुलंमुली