पाल पाळायची तर आधी उष्णता मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुटीत मुलांना कोणते प्राणी आणून द्यावेत, यावरचा मजकूर वाचला. ससा, लव्हबर्ड्स, मासे यांच्या पंगतीत लेपर्ड गेको नावाची पालही होती. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरवायला न्यावे लागत नाही, दोन दिवसांआड चार किडे टाकले की काम झाले, म्हणून नवशिक्यांसाठी उत्तम, असे त्यात लिहिले होते. यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खोटे नाही. पण एवढ्याच माहितीवर आणलेली एक गेको गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत मरायला टेकली होती, म्हणून हे पत्र.

मी वीज खात्यात ३१ वर्षे तंत्रज्ञ होतो. गेल्या वर्षी जानेवारी ते जून आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीत होतो. नातीच्या दहाव्या वाढदिवसाला जावयांनी ऑक्टोबरात ही पाल आणली होती. पिवळी धमक, अंगावर काळे ठिपके. नातीने नाव ठेवले हळदी. दुकानदाराने काचेची पेटी, तळाला अंथरायची 'कॅल्शियमयुक्त' वाळू आणि आतून तापणारा एक नकली दगड एवढे सामान दिले, आणि बाकी काही लागत नाही असे सांगितले.

आमच्या सौ. पहिले चार दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. अंगावर पाल पडली की आंघोळ करायची आणि पंचांगात पल्लीपतनाचे फळ बघायचे, अशा घरात आम्ही वाढलो. मीही लांबूनच बघत होतो. पण हा प्राणी भिंतीवरच्या पालीपेक्षा बराच वेगळा आहे. त्याच्या बोटांना चिकटणारे तळवे नसतात, म्हणून तो काचेवर चढत नाही. त्याला पापण्या असतात. आपल्याकडे बघून सावकाश डोळे मिटतो. दिवसा दडून बसतो, दिवेलागणीला बाहेर येतो. चरबी शेपटीत साठवतो, त्यामुळे धडधाकट गेकोची शेपूट मुळाशी गाजरासारखी जाड असते. हळदीची शेपूट पेन्सिलीएवढी झाली होती. नात म्हणाली, "आबा, ती तीन आठवडे काही खात नाही."

कीटकांचे, प्राण्यांचे मला काही कळत नव्हते. उष्णता मात्र कळते. जावयांकडे लांबून तापमान मोजायची गन होती. त्या नकली दगडावर एका जागी ४७ अंश सेल्सिअस भरले, आणि चार बोटांवरच्या वाळूत १९. म्हणजे दगडावर बसली तर भाजते, उतरली तर गारठते. पोटाखाली भाजल्याचा डाग होताच. आपले शरीर आपली ऊब स्वतः तयार करते. पालीला ती बाहेरून घ्यावी लागते. पोटाला ऊब मिळाली नाही तर खाल्लेले पचत नाही, आणि पचत नाही म्हणून ती खात नाही. जी तक्रार घरचे सगळे 'नखरे' समजत होते, ती सप्लायची होती.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर पन्नास मिनिटांच्या अंतरावर मिळाले. एक्स-रेत आतड्यात वाळूचा गोळा दिसला. किडा पकडताना तोंडात वाळू जाते, आणि अंगात कॅल्शियम कमी असले की हे प्राणी मुद्दामही वाळू चाटतात. त्यात ऊब नाही, मग ती पुढे सरकणार कशी? जबडा दाबला तर रबरासारखा मऊ लागत होता, मागचा एक पाय वाकला होता, थरथर सुटली होती. कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्वाअभावी हाडे अशी होतात. उजव्या पायाच्या एका बोटावर जुन्या कातीचे वळे अडकून बोट काळे पडले होते. ते पुढे गळून गेले. वजन भरले ३४ ग्रॅम. पूर्ण वाढीची गेको साधारण ४५ ते ८० ग्रॅमची असते.

डॉक्टरांनी औषध दिले, द्रव कॅल्शियम दिले, सिरिंजने भरवायची पेस्ट दिली. मग त्या बाई मला म्हणाल्या की औषधाचे काम थोडे आहे, खरे काम पेटीचे आहे. ते मी अंगावर घेतले.

वाळू आणि दगड त्याच दिवशी काढून टाकले. तळाला साध्या फरशीच्या लाद्या बसवल्या. लादी ऊब धरून ठेवते, पुसता येते आणि पोटात जात नाही. पेटीच्या एका बाजूला काचेखालून १६ वॅटची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवली. आपल्या झिरोच्या दिव्याएवढाच लोड, वीजबिलाची काळजी नको. पण मॅट थेट प्लगला लावणे म्हणजे फ्यूज नसलेली लाइन चालू करणे. मध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारे यंत्र, हवाच. थर्मोस्टॅटचा सेन्सर बरेच जण पेटीच्या आत सुटा ठेवतात, तिथे मोठी चूक होते. रात्री पाल त्यावरून चालते, सेन्सर गार बाजूला ढकलला जातो, थर्मोस्टॅटला वाटते अजून थंड आहे, आणि मॅट तापतच राहते. मी सेन्सर बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये पक्का केला. तिथे ३६ वर सेटिंग ठेवले की आत लादीवर ३२ मिळतात, हे तीन दिवस दर दोन तासांनी मोजून ठरवले. प्रत्येक पेटीचा हा आकडा वेगळा येणार, तो ज्याने त्याने आपल्या घरी मोजावा. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २४-२५ अंश राहिले पाहिजेत. म्हणजे हवे तेव्हा ऊब, हवे तेव्हा गारवा, निवड तिची. काचेला चिकटवायचे घड्याळासारखे तापमापक मला भरवशाचे वाटले नाहीत. एकाच जागी दोघांत पाच अंशांचा फरक निघाला.

दडायला तीन जागा केल्या: एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि मधे झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओले शेवाळ. कात टाकायची वेळ आली की ती या ओल्या डब्यात जाऊन बसते, कात सैल होते, आणि निघालेली कात ती स्वतःच खाऊन टाकते. हा डबा आधी असता तर तिचे बोट वाचले असते. पेटी निदान ३६ इंच लांब असावी असे डॉक्टरांचे मत होते, आणि एका पेटीत एकच जीव. दोन नर ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. सोबत नाही म्हणून तिला वाईट वाटेल असे आपल्याला वाटते, तिला एकटेच बरे वाटते.

आता खाण्याचे. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. चाळीस वर्षांत घरात अंडे आले नाही. आणि या प्राण्याला जिवंत किडेच लागतात: रातकिडे, मीलवर्मच्या अळ्या, एक जातीची पाळीव झुरळे. भाजी, फळ, भात यातले काही चालत नाही. पहिल्या दिवशी चिमट्यात अळी धरली तेव्हा माझा हात थरथरला. रात्री झोप लागली नाही. पण पिंजऱ्यात ठेवलेला जीव आपल्या अन्नाच्या शोधात बाहेर जाऊ शकत नाही; त्याला आणताना ही जबाबदारी आपणच घेतलेली असते. माळकरी घरांनी, जैन घरांनी किडे हाताळायची मनाची तयारी नसेल तर हा प्राणी आणूच नये, हे मी कळकळीने सांगतो. नंतर कोणी पनीर भरवून बघतो, आणि जीव हकनाक जातो.

किडाही रिकाम्या पोटी देऊन उपयोग नाही. आदल्या दिवशी त्या किड्यांना गाजर, पालेभाजी खायला घालायची, देताना कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे, अधूनमधून ड-३ आणि बाकीची जीवनसत्त्वे. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिलाला रोज, मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांआड. वॅक्सवर्म नावाची चरबीदार अळी मिळते, ती पेढ्यासारखी समजावी. रोज दिली तर बाकीच्या खाण्याकडे ढुंकून बघत नाही. जूनमध्ये नातीने अंगणातले काजवे बरणीत धरून आणले, हळदीला द्यायला. डॉक्टरांनी बजावले होते म्हणून मी वेळीच थांबवले. काजव्यांच्या अंगात असे विष असते की एखाद-दुसऱ्या काजव्याने सरडे, पाली दगावतात. आपल्याकडे सह्याद्रीत जूनमध्ये झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

फेब्रुवारीत बर्फाचे वादळ झाले आणि नऊ तास वीज गेली. तेव्हा तिला लहान डब्यात, सौं.च्या लोकरी टोपीत ठेवले, बाजूला टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. काही तास गारवा तिला सोसतो. मात्र त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लादी पुरती तापेपर्यंत खायला काही दिले नाही. सबस्टेशनला लॉगशीट लिहायची सवय हाताला होती, म्हणून पेटीजवळ वही ठेवली: तारीख, दोन्ही बाजूंचे तापमान, किती किडे खाल्ले, शी झाली का, आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. (ती शी कायम एकाच कोपऱ्यात करते, त्यामुळे साफसफाई सोपी. हात मात्र दर वेळी साबणाने धुवायचे; या प्राण्यांकडून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू येऊ शकतो.) ३४ चे ३७, मग दोन आठवडे तेवढेच, मग ४१, ४६. एप्रिलच्या एका संध्याकाळी तिने शेपटीचे टोक मांजरासारखे हलवले आणि रातकिड्यावर झडप घातली. खोलीत आम्ही सगळे होतो, सौ.सुद्धा. आम्ही निघालो तेव्हा ५२ ग्रॅम होती. मागचा पाय वाकडाच राहिला.

हे सगळे परदेशातले, इथे काय संबंध, असे कोणी म्हणेल. याच महिन्यात आमच्या कॉलनीतला बारावी झालेला मुलगा पुण्याहून एक गेको घेऊन आला. पेटी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. दुपारी तीनला मी मोजले, ३९ अंश. अमेरिकेत ऊब देण्याची चिंता होती. कराडला मे महिन्यात गारवा देण्याची आहे, आणि थर्मोस्टॅट फक्त तापवणे बंद करू शकतो, थंड करू शकत नाही. पेटी त्याच दिवशी तळमजल्यावरच्या पूर्वेच्या खोलीत आणवली. तो मुलगा शेतातले नाकतोडे पकडून घालत होता. सोयाबीनवर, उसावर काय काय फवारतात ते आपण जाणतो. किड्यातून ते पालीच्या पोटात जाते. घरात पेस्ट कंट्रोल केले असेल तर तिथल्या झुरळांचेही तेच.

त्याच्या आईला मी एकच प्रश्न विचारला. मुलगा ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला पुण्याच्या होस्टेलवर जाईल, मग हिला कोण बघणार? त्या माउलीला पालीची भीती आहे. गेको नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षे जगते. माझी नात तिशीची होईपर्यंत. दुकानात हा आकडा जावयांनाही कोणी सांगितला नव्हता, या मुलालाही नाही.

आणखी एक. दुकानात मिळणारी जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची, पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढवलेली. पण तिची सख्खी भावंडे आपल्या महाराष्ट्रात आहेत. कोरड्या खडकाळ माळांवर युब्लेफॅरिस फस्कस ही जात आहे, आणि सातपुड्यातल्या जातीला २०१४ मध्ये युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस हे नाव मिळाले. खेडोपाडी हिला जहाल विषारी समजून ठेचतात. ती अजिबात विषारी नाही. पुरवणी वाचून कोणी सुटीत गावी गेल्यावर दगड उलटून तिला पकडून आणू नये. रानातली रानातच राहू द्यावी. आणि दुकानातून घेणाऱ्यानेही आधी वनखात्याकडे नियमांची चौकशी करावी, पावती जपून ठेवावी.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या पुरवणीत गेकोचे आयुष्य, दोन्ही बाजूंचे तापमान, कॅल्शियम आणि जिवंत किड्यांची गरज एवढे तरी चौकटीत छापावे. त्याहून उपयोगी म्हणजे, आपले वार्ताहर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य कुठे कुठे आहेत याची यादी मिळवून द्यावी. कॉलनीतल्या त्या मुलासाठी मी तीन दवाखान्यांत विचारले. तिन्हीकडे गायी-म्हशी आणि कुत्र्यांपलीकडे बघत नाहीत असे उत्तर मिळाले, आणि त्याच्या गेकोच्या डाव्या डोळ्यावर सोमवारपासून कात अडकली आहे.

आपला,
एक निवृत्त वीज तंत्रज्ञ, कराड